थंड एंजिनाची पहिली ऊब



पौष महिन्यांतील एखाद्या पहांटे जो निफाड तालुक्यांत राहिला असेल, त्याला थंडी म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. महाराष्ट्रांत पारा खालीं उतरल्याची बातमी आली कीं तींत निफाडचें नांव बहुधा असतेंच. कांहीं हिंवाळ्यांत तर तेथील पारा पांच अंशांच्याही खालीं गेलेला आहे. अशा पहांटे द्राक्षांच्या मळ्यांत शेकोट्या पेटलेल्या असतात, आणि गांवाच्या वेशीपाशीं भाजीपाल्यानें भरलेली एखादी मालमोटार खोकत, कण्हत उभी असते. ड्रायव्हर सेल्फ मारतो, एंजिन घरघरतें, मागून पांढऱ्या धुराचे लोट निघतात, पण एंजिन कांहीं पेट घेत नाहीं. मग जमलेल्या मंडळींपैकीं कोणीतरी निर्णय देतो, "हीटर गेला असेल!"

हा हीटर, म्हणजेच ग्लो प्लग, ही बोटाएवढी वस्तु डीझेल एंजिनांत आली कशी, आणि ती बिघडली आहे कीं नाहीं हें ओळखतांना शहाणीं माणसेंही कां फसतात, याची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें. विषय कारखान्यांतला दिसतो खरा. परंतु त्याचा इतिहास पाहिला म्हणजे असें आढळून येतें कीं, या लहानशा वस्तूनें माणसाला खुणेवर किती विश्वास ठेवावा याचा एक धडाच घालून दिलेला आहे.

प्रथम मूळ तत्त्वाकडे वळूं. पेट्रोलच्या एंजिनांत प्रत्येक स्फोटासाठीं विजेची ठिणगी पाडावी लागते. डीझेल एंजिनांत ठिणगी नाहीं. सायकलींत हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक गरम लागतें, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांनीं घेतला असेल. हवा दाबली कीं ती तापते. ती मूळच्या पंधराव्या किंवा विसाव्या भागाइतक्या जागेंत एकाएकीं दाबली, तर इतकी तापते कीं तींत तेलाचा तुषार सोडतांच तो आपोआप पेटतो. या तत्त्वावर एंजिन चालवावें ही कल्पना रुडॉल्फ डीझेल या जर्मन इंजिनियरची. त्याचा जन्म १८५८ त पॅरिस येथें झाला. १८९२ च्या फेब्रुवारींत त्यानें आपल्या कल्पनेच्या पेटंटासाठीं जर्मनींत अर्ज केला, आणि आउग्सबर्ग येथील यंत्रकारखान्यांत प्रयोग आरंभिले.

हे प्रयोग सुखासुखीं पार पडले नाहींत. १८९३ च्या ऑगस्टमध्यें पहिल्याच चाचणींत इतका जबरदस्त स्फोट झाला कीं, दाब मोजण्याचें उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. डीझेल थोडक्यांत बचावला. तथापि तेल आपोआप पेटतें ही गोष्ट सिद्ध झाली. पुढें १८९४ च्या फेब्रुवारींत एंजिन स्वतःच्या बळावर जेमतेम एक मिनिट फिरलें. १८९७ त प्राध्यापक श्रोएटर यांनीं जी रीतसर परीक्षा घेतली, तींत तेलांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६ हून अधिक भाग कामीं लागतो असें ठरलें. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांना हा आंकडा स्वप्नांतही गांठतां आला नसता. मात्र हें एंजिन माणसाहून उंच आणि अतिशय अवजड होतें. तेल आंत उडविण्यासाठीं त्याला दाबलेली हवा लागे, आणि ती हवा पुरविण्यासाठीं निराळा पंप लागे. कारखान्यांत किंवा जहाजांत तें शोभलें. रस्त्यावरच्या गाडींत बसविण्यासारखें तें नव्हतें.

इकडे इंग्लंडांत हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्ट यानें १८९० त एक निराळी वाट काढलेली होती. त्याच्या एंजिनांत हवा फार दाबली जात नसे. त्याऐवजीं सिलिंडरच्या मागें लोखंडाचा एक पोकळ गोळा बसविलेला असे. हा गोळा बाहेरून फुंकणीच्या दिव्यानें दहापंधरा मिनिटें तापवावयाचा, तो तांबूस झाला कीं आंत तेल सोडावयाचें आणि चाकाला हिसका द्यावयाचा, अशी रीत होती. एकदां एंजिन चालूं लागलें म्हणजे स्वतःच्याच ज्वलनानें गोळा तापलेला राही व दिवा काढून घेतां येई. ग्रँथम येथील हॉर्न्सबी कंपनीनें अशीं एंजिनें १८९२ पासून विक्रीस काढलीं. पुढें १९२१ त जर्मनींतील लांझ कंपनीच्या "बुलडॉग" ट्रॅक्टरनेंही हीच रीत उचलली. दररोज सकाळीं शेतकऱ्यानें आधीं दिवा पेटवावा आणि मग नांगर धरावा, असा तो क्रम होता.

या दोन वाटांतील फरक लक्षांत ठेवण्यासारखा आहे. डीझेलची आग दाबांतून येते. ॲक्रॉइड स्टुअर्टची आग आधीं तापवून ठेवलेल्या धातूंतून येते. आपला आजचा हीटर प्लग हा या दोन घराण्यांच्या सोयरिकींतून जन्माला आलेला आहे.

ही सोयरीक जुळविण्याचें श्रेय मानहाइम येथील बेंझ कंपनींतील प्रोस्पर लोरांज याच्याकडे जातें. १९०९ त त्यानें पूर्वकक्षाचें पेटंट घेतलें. मुख्य सिलिंडरच्या माथ्यावर एक लहानशी कोठडी ठेवावयाची. तेल प्रथम तींत उडवावयाचें. तेथें अर्धवट पेटलेलें तेल स्वतःच्याच जोरानें बारीक छिद्रांतून खालीं मुख्य सिलिंडरांत घुसतें व पूर्णपणें जळतें, अशी ती योजना. हिच्यामुळें दाबलेल्या हवेचा अवजड पंप अनावश्यक ठरला. एंजिन लहान झालें, जलद फिरूं लागलें, आणि १९२३ त बेंझ कंपनीनें चार सिलिंडरांचें, सुमारें ५० अश्वशक्तीचें असें एंजिन आपल्या पांच टनी मालमोटारींत बसविलें. पुढच्याच वर्षीं आउग्सबर्गच्या मान कंपनीनेंही आपली डीझेल मालमोटार रस्त्यावर आणली. १९२७ त बॉश कंपनी तेल सोडण्याचे पंप मोठ्या संख्येनें बनवूं लागली, तेव्हां डीझेल मालमोटारींचा मार्ग खऱ्या अर्थानें मोकळा झाला.

परंतु प्रत्येक सोयीची किंमत मोजावी लागते. लहान कोठडीला आंतील जागेच्या मानानें भिंतींचें क्षेत्र फार. चहा लहान कपांत लवकर निवतो आणि मोठ्या किटलींत उशिरां, त्यांतलाच हा प्रकार. एंजिन थंड असतांना हवा दाबली जाऊन तापते खरी, पण तिची उष्णता त्या थंडगार भिंती तत्काळ पिऊन टाकतात. डीझेल तेल पेटण्यास सुमारें अडीचशें अंशांची उष्णता तरी हवी. तितकी उरत नाहीं. मग आंत गेलेलें तेल न जळतां वाफ होऊन पांढऱ्या धुराच्या रूपानें बाहेर पडतें. निफाडच्या वेशीवरचा तो पांढरा धूर म्हणजे दुसरें कांहीं नसून न जळलेलें तेल आहे.

ही पहिली ऊब द्यावयाची कशी, यासाठीं नाना देशांत नाना युक्त्या निघाल्या. इंग्लंडांतील मार्शल कंपनीच्या "फील्ड मार्शल" ट्रॅक्टरांत सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविलेला कागद पेटवून, तो धुमसत असतांनाच एंजिनाच्या माथ्यांत बसवीत. आणि हातानें फिरविणें नको असेल तर बंदुकीच्या काडतुसासारखें काडतूस ठोकून एंजिनाला पहिला धक्का देत. अमेरिकेंतील कॅटरपिलर कंपनीनें १९३१ त आपला पहिला डीझेल ट्रॅक्टर काढला, तेव्हां मोठें एंजिन फिरविण्यासाठीं त्याच्या शेजारीं एक लहान पेट्रोल एंजिनच बसवून दिलें. रशियाच्या टी-३४ रणगाड्यांत कडाक्याच्या थंडीसाठीं दाबलेल्या हवेच्या नळकांड्या ठेविलेल्या असत. आपल्याकडील विहिरीवरच्या ऑइल एंजिनाची रीत तर सर्वांच्या परिचयाची आहे. आधीं झडपेची कळ उचलून दाब मोकळा करावयाचा, हँडल मारून जड चाकाला वेग आणावयाचा, आणि मग कळ खालीं सोडावयाची. तेथें उबेची उणीव वेगानें भरून काढलेली असते.

पूर्वकक्षाच्या मालमोटारींसाठीं मात्र जी युक्ति टिकली ती विजेची. त्या कोठडींत धातूची एक जाड, वळवलेली तार घालावयाची, तिच्यांतून बॅटरीचा प्रवाह सोडून ती लालबुंद करावयाची, आणि मग एंजिन फिरवावयाचें. तेलाचा तुषार त्या तापलेल्या तारेला स्पर्श करतांच पेट घेतो. पुढें भिंती तापल्या कीं तारेचें काम संपलें. बाळाला पहिलें पाऊल टाकतांना बोट धरावयास द्यावें आणि मग सोडून द्यावें, एवढीच तिची योग्यता. चालत्या एंजिनाची आग दाबाचीच असते.

हीं एंजिनें आपल्या देशांत लौकरच आलीं. जमशेदपूर येथें टाटांच्या कंपनीनें डाइमलर-बेंझच्या सहकार्यानें १९५४ त मालमोटारी बांधावयास आरंभ केला. त्यांतील सहा सिलिंडरांचें, सुमारें साडेचार लिटरांचें एंजिन पूर्वकक्षाच्या जातीचें होतें. मर्सिडीझच्या त्या काळच्या मालमोटारींत एक गमतीची सोय असे. सर्व सिलिंडरांतल्या तारा एकापुढें एक अशा एकाच सांखळींत जोडलेल्या असत, आणि त्याच सांखळींत ड्रायव्हरसमोरच्या फळीवर एका जाळीआड एक लहानशी तार बसविलेली असे. ड्रायव्हर कळ अर्धी ओढी आणि त्या जाळीकडे पाहात राही. आंतल्या तारा तापत तसतशी ही तारही तापे. ती तांबडी झाली कीं कळ पूर्ण ओढावयाची; एंजिन सुरू!

ही रचना वरवर दुबळी वाटते. दिवाळींतील जुन्या दिव्यांच्या माळेप्रमाणें, एक तार तुटली कीं सगळ्याच विझत. पण तिच्यांत एक मोठा गुण होता. फळीवरची तार खोटें बोलूं शकत नसे. जो प्रवाह एंजिनांत जाई तोच तिच्यांतून जाई. ती तापली म्हणजे आंत ऊब आहे. ती काळी राहिली म्हणजे कोठेंतरी सांखळी तुटली आहे. खूण आणि वस्तु एकाच धाग्यांत ओवलेल्या होत्या.

पुढें दोन बदल घडून आले. पहिला असा कीं, मोठ्या मालमोटारींच्या एंजिनांनीं पूर्वकक्ष टाकून दिला. तेल सरळ पिस्टनच्या डोक्यावरील खोलगट भागांत उडवूं लागले. तेथें भिंती कमी, म्हणून उष्णतेची गळती कमी. आपल्याकडील हवेंत अशा एंजिनाला हीटरची गरजच उरली नाहीं. दुसरा बदल असा कीं, १९८० नंतरच्या दशकांत पूर्वकक्षाचीं व तशाच जातीचीं लहान डीझेल एंजिनें जीपगाड्यांत, टेंपोंत आणि लहान मालमोटारींत आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आलीं. इगतपुरी येथें महिंद्र कंपनी फ्रान्सच्या पूझो कंपनीच्या धर्तीचीं एंजिनें बनवूं लागली. आकुर्डीच्या बजाज टेंपो कंपनीनें मर्सिडीझच्या परवान्यानें चार सिलिंडरांचें एंजिन घेतलें. मोठ्या ट्रकांतून निघून गेलेला हीटर अशा रीतीनें खेड्यापाड्यांतल्या गाड्यांत परत आला.

मात्र परत आला तो निराळ्या रूपांत. उघडी तार जाऊन तिच्या जागीं पेन्सिलीसारखी धातूची नळी आली. तार आंत, आणि तिच्याभोंवतीं मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड घट्ट भरलेली. सांखळीची जोडणीही गेली. प्रत्येक प्लगला बॅटरीचा प्रवाह स्वतंत्र मिळूं लागला. एक प्लग मेला तरी बाकीचे तीन काम करतात, हा त्याचा फायदा. आरंभीं एकेक प्लग दहापंधरा अँपिअर प्रवाह ओढतो. चारांचा मिळून पन्नासच्या घरांत जातो. एवढा प्रवाह चावीच्या नाजूक स्विचांतून नेणें शक्य नसल्यामुळें मध्यें एक रिले, म्हणजे विजेनें चालणारा मोठा स्विच, बसविला गेला. आणि फळीवर, जुन्या तारेच्या जागीं, एक पिवळा दिवा आला.

येथेंच घोटाळ्याचें मूळ आहे. हा दिवा पुष्कळ गाड्यांत प्लगच्या प्रवाहावर चालत नाहीं. तो फक्त वेळ मोजतो. चावी फिरवली कीं लागतो, ठराविक सेकंदांनीं विझतो. आंत प्लग तापले कीं नाहींत याची त्याला वार्ताही नसते. जुनी तार साक्षीदार होती. नवा दिवा म्हणजे नुसतें घड्याळ आहे. परंतु पाहणारा त्याला अजून साक्षीदारच समजतो.

या चुकीची किंमत किती मोठी असूं शकते, हें मीं पंधराएक वर्षांपूर्वीं आमच्याच गांवांत पाहिलें. माझा एक जुना विद्यार्थी लहान मालमोटार घेऊन भाजीपाल्याची वाहतूक करीत असे. गाडी कर्जावर घेतलेली. डिसेंबरच्या थंडींत ती रोज पहांटे रुसूं लागली. दिवा नेमानें लागे आणि विझे. एंजिन मात्र पांढरा धूर सोडून गप्प बसे. तालुक्याच्या गांवीं एका मिस्त्र्यानें सांगितल्यावरून त्यानें चारही प्लग नवे घातले. दोन दिवसांनीं पुन्हां तीच कथा. मग सेल्फ मारून मारून बॅटरी गेली. ती नवी आणली. एका पहांटे बाजार चुकेल या भीतीनें त्याच्या क्लीनरनें काकडा पेटवून एंजिनाखालीं धरला. तेथें तेल ठिबकत होतें. भडका उडाला, आणि त्या सोळासतरा वर्षांच्या पोराचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. गाडी वांचली, कोथिंबीर आणि मेथी जागच्या जागीं सुकली, पोराच्या हाताचीं बोटें मात्र पुढें कधींच नीट मिटलीं नाहींत.

त्या दिवशीं शेजारच्या गांवचे एक वृद्ध मिस्त्री आले. सत्तरी उलटलेली, तरुणपणीं जुन्या जमशेदपुरी ट्रकांवर हात बसलेला. त्यांनीं प्लग काढले नाहींत कीं पंपाला हात लावला नाहीं. फक्त विचारलें, "धूर पांढरा निघतो ना? मग तेल पोंचतंय. ऊब पोंचत नाहीं." एका साध्या बल्बला दोन वायरी जोडून त्यांनीं एक वायर एंजिनाच्या लोखंडाला लावली, दुसरी प्लगांना जोडणाऱ्या पट्टीला, आणि चावी फिरवावयास सांगितली. फळीवरचा दिवा ऐटींत लागला. हातांतला बल्ब मात्र काळाच राहिला. "बघ मास्तरांच्या पोरा," ते म्हणाले, "तुझा दिवा पेटलाय, पण चूल नाहीं पेटली." रिलेमधील टोंकें जळून कोळसा झालीं होतीं. नव्या कोऱ्या प्लगांना वीज मिळतच नव्हती. एका रिलेच्या किंमतींत जें काम झालें असतें, त्यापायीं चार प्लग, एक बॅटरी आणि एका मुलाचा हात खर्ची पडला.

त्या म्हाताऱ्याच्या रीतींत इतिहास कसा दडलेला होता, हें मला मागाहून उमगलें. थंड एंजिनाला पेटण्यासाठीं तीन गोष्टी लागतात: तेल, दाब आणि ऊब. डीझेलनें दाब दिला, लोरांजनें तेलाची सोय लावली, आणि तापत्या तारेनें ऊब दिली. जें कमी पडेल त्याचा शोध त्याच क्रमानें घ्यावा लागतो. धूर मुळींच निघत नसेल, तर तेल पोंचत नाहीं असें समजावें; मग हीटरला दोष देणें व्यर्थ आहे. कडक थंडींत डीझेलमधील मेण गोठून गाळणी तुंबते, हेंही त्याचें एक कारण असूं शकतें. लडाखसाठीं इंडियन ऑइल कंपनीनें २०१९ त उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारें निराळें डीझेल काढलें तें याचसाठीं. एंजिन मंद गतीनें फिरत असेल तर बॅटरी किंवा तिच्या वायरी पाहाव्या. कारण गति कमी म्हणजे दाबलेल्या हवेला थंड भिंतींशीं अधिक वेळ मिळतो. पांढरा धूर भरपूर आणि फिरणें जोमदार असेल, तेव्हांच हीटरकडे वळावें. तेथेंही आधीं पट्टीपर्यंत वीज येते कीं नाहीं हें पाहावें. मग पट्टी सोडवून प्रत्येक प्लगची निराळी परीक्षा करावी: बॅटरीच्या धन टोंकाला बल्बची एक वायर आणि दुसरी प्लगच्या माथ्याला लावावी. बल्ब लागला तर आंतली तार शाबूत आहे. न लागला तर तुटलेली. आणि नवे प्लगही पुन्हांपुन्हां जळत असतील, तर नोझल गळतो आहे काय, किंवा रिले चिकटून राहून वीज अखंड चालू आहे काय, याची चौकशी करावी. हें सर्व नीट असूनही एंजिन रुसत असेल, तर रिंगा झिजून दाबच उरलेला नाहीं असें समजावें; मग नव्या प्लगांनीं चार दिवस काम भागेल, पण रोग हटणार नाहीं.

एक धोक्याची सूचना येथें दिलीच पाहिजे. हवेच्या तोंडाशीं ईथर शिंपडून एंजिन सुरू करण्याची खोड पुष्कळांना असते. जेथें हीटर तापलेला आहे अशा एंजिनांत ईथर अवेळीं पेटतो, आणि त्याच्या दणक्यानें पिस्टन व रिंगा फुटतात. आउग्सबर्गला १८९३ त जो स्फोट झाला, तसा आपल्या अंगणांत घडवून आणण्याचें कांहींएक कारण नाहीं.

आतां काळ आणखी पुढें गेला आहे. आजच्या डीझेल गाड्यांत तेल पुन्हां सरळ सिलिंडरांत उडतें. प्लग दोनतीन सेकंदांत तापतो, आणि एंजिन सुरू झाल्यावरही धूर व खडखडाट कमी व्हावा म्हणून कांहीं काळ तापत ठेवला जातो. कांहीं गाड्यांत तर एक लहानसा संगणक प्रत्येक प्लगचा प्रवाह निराळा तपासतो आणि जो मेला त्याचें नांव सांगतो. म्हणजे जाळीआडच्या त्या जुन्या तारेचें काम, कित्येक वर्षांच्या वनवासानंतर, पुन्हां कोणाकडे तरी सोंपविलें गेलें आहे. दरम्यानच्या काळांतल्या गाड्या मात्र आपल्या रस्त्यांवरून अजून धांवत आहेत, आणि त्यांच्या फळीवरचा पिवळा दिवा अजून नेमानें लागतो व विझतो.

माझा तो विद्यार्थी आज दोन गाड्यांचा मालक आहे. प्रत्येक गाडींत त्यानें दोन वायरींचा एक बल्ब ठेवलेला आहे. भाजलेल्या हाताचा तो क्लीनर आतां त्याच्याकडेच ड्रायव्हर आहे. हिंवाळ्यांत पहांटे गाडी सुरू झाली नाहीं, तर तो सेल्फ मारीत बसत नाहीं. खालीं उतरतो, धुराचा रंग पाहतो, आणि मग डाव्या हातानें बल्ब काढतो.